शर्यत मोटारसायकलींची, कसोटी विज्ञानाची

मीरा रोड-भाईंदर भागात राहणाऱ्यांना घोडबंदर रस्ता चांगलाच परिचयाचा आहे. काशीमीऱ्याहून ठाण्याकडे निघाले की डाव्या हाताला वसईची खाडी आणि उजव्या हाताला राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या दिसतात. पुढे गायमुखाजवळ घाटाची वळणे लागतात. तुम्ही दुसऱ्या गावी राहत असाल, तर तुमच्याही ओळखीचा असा एखादा वळणावळणाचा रस्ता असेलच. अशा वळणावरून एखादा मोटारसायकलस्वार गाडी एका अंगाला कलती करून झपकन निघून जातो. पाहणाऱ्याच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. इतकी कललेली गाडी पडत कशी नाही? आणि आणखी किती जोरात गेली असती तर ती पडली असती?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहे. दुसऱ्याचे उत्तर शोधायला मात्र गायमुखाचा घाट ही जागा नव्हे. त्यासाठी वेगळा धावमार्ग, वेगळी माणसे आणि वेगळे नियम लागतात. हे सारे जिथे एकत्र येते, ती राष्ट्रीय मोटारसायकल शर्यत. ती कशी भरवतात आणि तिच्यात विज्ञान कोठे कोठे दडलेले आहे, ते आज पाहू.

शर्यत कोण भरवते?

या खेळाला इंग्रजीत ‘रोड रेसिंग’ म्हणतात. नाव ऐकून वाटेल, की ही शर्यत रस्त्यावर होत असावी. पूर्वी तसे होतही असे. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधील आइल ऑफ मॅन बेटावर १९०७ साली सुरू झालेली प्रसिद्ध शर्यत आजही वाहतूक बंद ठेवलेल्या रस्त्यांवर होते. परंतु गाड्यांचे वेग वाढत गेले, तसे या खेळाने रस्ता सोडला आणि तो खास बांधलेल्या बंदिस्त धावमार्गावर गेला. नाव तेवढे जुने राहिले.

जगभरच्या या खेळाचे नियम आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघ ठरवतो. त्याची मुळे १९०४ सालापर्यंत जातात. रोड रेसिंगची जागतिक विजेतेपद मालिका १९४९ साली सुरू झाली. भारतात हे काम फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही संस्था पाहते. ती १९७१ साली स्थापन झाली. नावाप्रमाणेच ती अनेक क्लबांचा संघ आहे. नियम करणे, धावमार्गाला मान्यता देणे, स्पर्धकांना स्पर्धा-परवाने देणे आणि पंच नेमणे ही तिची कामे. प्रत्यक्ष शर्यत भरवण्याची मेहनत एखादा क्लब घेतो. मोटारसायकलींच्या राष्ट्रीय मालिकेत हा भार अलीकडे १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबाने उचललेला आहे.

पूर्वी मद्रासजवळच्या शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धातील एका जुन्या विमान धावपट्टीवर शर्यती होत. विमानासाठी बांधलेली पट्टी रुंद, सपाट आणि रहदारीपासून दूर असते, म्हणून ती सोयीची. पुढे या क्लबाने श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टाई येथे स्वतःचा धावमार्ग बांधला. १९९० च्या सुमारास तो वापरात आला. त्याची एक चक्कर ३.७१७ किलोमीटरची आहे, म्हणजे मीरा रोड ते भाईंदर या दोन स्थानकांमधील अंतराहून थोडी जास्त. दुसरा धावमार्ग कोइमतूरजवळ आहे. कारी मोटर स्पीडवे हे त्याचे नाव. तिसरा आणि सर्वांत लांब ग्रेटर नोएडा येथे आहे. २०११ साली तो सुरू झाला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तेथे मोटारसायकलींची जागतिक फेरीही झाली.

महाराष्ट्रातील उत्साही मंडळींना या मालिकेसाठी बहुधा दक्षिणेची वाट धरावी लागते. आपल्याकडेही मोटार-खेळ होतात, पण त्यांची जात निराळी. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतील वेगाच्या स्पर्धा झाल्या आहेत, तर जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा संकुलात मातीच्या उंचवट्यांवरून उड्या घेणाऱ्या मोटारसायकलींची शर्यत झाली. रोड रेसिंगमध्ये मात्र डांबरी धावमार्ग आणि वळणे हाच मुख्य भाग असतो.

सारख्याची सारख्याशी गाठ

कुस्तीत वजनगट असतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. साठ किलोच्या मल्लाची गाठ शंभर किलोच्या मल्लाशी घालत नाहीत. मोटारसायकलींतही असेच गट असतात आणि ते मुख्यतः इंजिनाच्या घनफळावरून ठरतात. १६५ सी.सी. पर्यंतच्या गाड्यांचा एक गट, तर ३०१ ते ४०० सी.सी. गाड्यांचा दुसरा, असे. शिवाय नवशिक्यांचा आणि मुलींचा गटही वेगळा असतो. काही शर्यतींत तर सर्वांना एकाच कंपनीची एकाच नमुन्याची गाडी देतात. मग गाडीचा फरक उरत नाही, केवळ चालवणाऱ्याची परीक्षा होते.

पण एखाद्याने गुपचूप इंजिन मोठे केले तर? ते पकडण्यासाठी शर्यतीनंतर आघाडीच्या गाड्या कुलूपबंद आवारात ठेवतात. स्पर्धकालाही मग गाडीला हात लावता येत नाही. पंचांनी सांगितले, तर तपासनीस इंजिन उघडतात आणि सिलिंडर मोजतात. त्याचे गणित आठवीच्या विद्यार्थ्यालाही जमेल. सिलिंडरच्या व्यासाचा वर्ग गुणिले ०.७८५४ गुणिले दट्ट्याच्या धावेची लांबी, म्हणजे घनफळ. समजा, व्यास ६ सेंटिमीटर आणि धाव ५.७५ सेंटिमीटर आहे. घनफळ सुमारे १६२.६ घनसेंटिमीटर येते. गाडी १६५ च्या गटात बसली! आता व्यास फक्त १ मिलिमीटरने वाढवून ६.१ सेंटिमीटर करा. उत्तर १६८ येते आणि गाडी बाद होते. एक मिलिमीटर डोळ्यांना दिसणार नाही, पण मोजपट्टीला दिसतो.

तीन दिवसांचा कार्यक्रम

एका वर्षाच्या मालिकेत अनेक फेऱ्या असतात आणि एक फेरी साधारण शुक्रवार ते रविवार चालते. आरंभी कागदपत्रे आणि गाड्या यांची तपासणी होते. ब्रेक, टायर, तेलगळती, हँडलच्या टोकांना लावलेल्या गोळ्या, एवढेच काय, इंजिनातील तेलाचा बोल्ट सुटू नये म्हणून तारेने बांधला आहे की नाही, तेही पाहतात. का बरे? धावमार्गावर सांडलेले चमचाभर तेल मागून येणाऱ्या वीसजणांना पाडू शकते. स्पर्धकाचे हेल्मेट, कातडी पोशाख, हातमोजे आणि बूटही तपासले जातात. पोशाखात दोष निघाला, तर गाडी कितीही चांगली असो, स्पर्धकाला धावमार्गावर सोडत नाहीत.

मग सराव होतो आणि त्यानंतर पात्रता फेरी. पात्रता फेरीत ज्याची एक चक्कर सर्वांत कमी वेळात पुरी होते, तो शर्यतीत सर्वांत पुढे उभा राहतो. शर्यतीपूर्वी सगळे एक चक्कर सावकाश मारतात, कारण थंड टायर घट्ट पकडत नाहीत. मग सारे आपापल्या खुणेवर थांबतात. लाल दिवे लागतात आणि विझतात. विझण्यापूर्वी जो हलला, त्याला शिक्षा होते.

गुणांची पद्धतही पाहण्यासारखी आहे. जागतिक मालिकेत मुख्य शर्यतीतील पहिल्याला २५, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला १६, चौथ्याला १३, पाचव्याला ११ आणि त्यापुढे १०, ९ असे उतरत पंधराव्याला १ गुण मिळतो. आता एक हिशेब करा. एका स्पर्धकाने चारपैकी तीन शर्यती जिंकल्या आणि चौथीत तो पडला. त्याचे गुण ७५. दुसरा चारही वेळा दुसरा आला. त्याचे गुण ८०! एकदाही न जिंकलेला पुढे गेला. जो अखेरपर्यंत उभा राहतो, त्याला ही पद्धत मोठे माप देते.

झेंड्यांची भाषा

इंजिनांच्या गोंगाटात हाक ऐकू येत नाही. म्हणून वळणावळणावर मार्शल झेंडे घेऊन उभे असतात. त्यांची भाषा अशी:

पिवळा: पुढे धोका आहे, कोणालाही ओलांडू नका.
पिवळ्यावर लाल पट्टे: मार्ग निसरडा आहे.
निळा: मागून तुमच्याहून एक पूर्ण चक्कर पुढे असलेला स्पर्धक येत आहे, त्याला वाट द्या.
काळ्यावर नारिंगी गोल: तुमच्या गाडीत बिघाड आहे, मार्गातून बाहेर पडा.
लाल: शर्यत थांबली, सावकाश परत या.
काळे-पांढरे चौकडे: शर्यत संपली.

हे मार्शल बहुधा हौशी स्वयंसेवक असतात. कोणी पडला, तर त्याच्याकडे आधी तेच धावतात. डॉक्टर आणि रुग्णवाहिका तयार असल्याखेरीज शर्यत सुरू करता येत नाही. म्हणजे एकजण जिंकावा, यासाठी कितीतरी माणसे दिवसभर उन्हात उभी असतात.

सेकंदाचा हजारावा भाग

पूर्वी हाती स्टॉपवॉच घेऊन वेळ मोजत. पण माणसाच्या बोटाला कळ दाबायला सेकंदाचा दहावा-पाचवा भाग लागतो आणि तो प्रत्येक वेळी सारखाही नसतो. आता प्रत्येक गाडीवर एक छोटा प्रेषक बसवतात. तो स्वतःचा ठरावीक क्रमांक रेडिओलहरींनी सतत सांगत असतो. अंतिम रेषेखाली जमिनीत तारेचे वेटोळे पुरलेले असते. गाडी त्यावरून गेली, की वेटोळ्याला क्रमांक कळतो आणि वेळ नोंदली जाते, तीही सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत.

इतकी बारीक वेळ कशासाठी? ताशी १८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५० मीटर. या वेगाने सेकंदाच्या दहाव्या भागात गाडी ५ मीटर पुढे जाते. म्हणजे बोट चुकले, तर दोन गाड्यांची अदलाबदल व्हायची! सेकंदाच्या हजाराव्या भागात ती जेमतेम ५ सेंटिमीटर सरकते. आता निकालाबद्दल भांडण उरत नाही.

वळणाचे गणित

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. धावणाऱ्या वस्तूची प्रवृत्ती सरळ जाण्याची असते. तिला वळवायचे तर वळणाच्या मध्याकडे ओढणारे बल लागते. ते केंद्रगामी बल. मोटारसायकलीला ते कोण पुरवते? टायर आणि रस्ता यांमधील घर्षण. हे बल जमिनीलगत लागते, तर गाडी व स्वार यांचा गुरुत्वमध्य वर असतो. त्यामुळे सरळ उभी गाडी वळणाच्या बाहेरच्या बाजूस उलटू पाहते. स्वार तिला आतल्या बाजूस कलवतो आणि त्याचे वजन हे उलटणे तोलून धरते. म्हणजे गाडी कललेली असूनही पडत नाही, असे नव्हे. ती कललेली असते म्हणूनच पडत नाही!

किती कलायचे, हे एका सूत्राने मिळते. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या गुणिले ९.८. हा भागाकार म्हणजे कलण्याच्या कोनाचा ‘टॅन’. टायरची रुंदी आणि स्वाराची हालचाल आपण सध्या बाजूला ठेवू. समजा, वळणाची त्रिज्या ५० मीटर आहे.

ताशी ३६ किलोमीटर: भागाकार ०.२०, कोन सुमारे ११ १/२ अंश.
ताशी ५४ किलोमीटर: भागाकार ०.४६, कोन सुमारे २५ अंश.
ताशी ७२ किलोमीटर: भागाकार ०.८२, कोन सुमारे ३९ अंश.
ताशी ९० किलोमीटर: भागाकार १.२८, कोन सुमारे ५२ अंश.

पहिली आणि तिसरी ओळ ताडून पाहा. वेग दुप्पट झाला, पण भागाकार चौपट झाला. आणि गंमत अशी, की सूत्रात गाडीचे वजन कोठेच नाही.

हा भागाकार आणखी एक गोष्ट सांगतो. सपाट वळणावर टायरला जेवढे घर्षण लागते, तेवढाच तो असतो. कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर सामान्य टायरचा घर्षण गुणांक साधारण ०.७ ते ०.८ असतो. पावसात तो बराच उतरतो आणि वाळू किंवा तेल असेल तर फारच. म्हणजे वरच्या वळणावर ताशी ५४ ला कोरड्या रस्त्यावर गाडी सुखरूप जाईल. तिथे वाळू पसरलेली असेल, तर त्याच वेगाला ती घसरेल. ताशी ७२ ला तर कोरड्या रस्त्यावरही धडगत नाही.

मग जागतिक शर्यतीतील स्वार ६० अंशांच्या आसपास कसे कलतात? त्यांचे टायर अत्यंत मऊ रबराचे असतात आणि शर्यतीपूर्वी विजेच्या पांघरुणात गुंडाळून तापवलेले असतात. तापलेले रबर धावमार्गाच्या बारीक खाचाखळग्यांत शिरून बसते, त्यामुळे गुणांक १ च्या वर जातो. शिवाय स्वार आसनावरून आतल्या बाजूस लोंबतो. त्याने एकूण गुरुत्वमध्य आत सरकतो आणि गाडीला स्वतःला तुलनेने कमी कलावे लागते. गुडघा जमिनीला टेकवणे हा दिमाख नाही. आपण किती कललो आहोत, याची ती मोजपट्टी आहे.

पडण्याची तयारी

धावमार्ग बांधणारा अभियंता एक गोष्ट गृहीत धरतो: कोणीतरी पडणारच. म्हणून वळणाच्या बाहेर मोकळी जागा सोडतात, तिच्यात खडी पसरतात आणि त्यापलीकडे टायरचे किंवा हवा भरलेले कठडे ठेवतात. या साऱ्यामागे एकच तत्त्व आहे. वेग तर शून्यावर यायचाच. तो जितक्या जास्त अंतरात येईल, तितके अंगावर येणारे बल कमी.

हेल्मेटचेही तेच. डोके सेकंदाला ६ मीटर वेगाने आदळले आणि ३ मिलिमीटरांत थांबले, तर त्याला गुरुत्वाकर्षणाच्या ६०० पट मंदन सोसावे लागते. हेल्मेटच्या आतील थर्मोकोलसारखा थर चुरडत जाऊन तेच थांबणे ३ सेंटिमीटरांत घडवतो. मंदन ६० पटीवर येते. थर चुरडला, म्हणजे हेल्मेट कामी आले. म्हणूनच एकदा जोरात आदळलेले हेल्मेट पुन्हा वापरत नाहीत.

एवढी तयारी असूनही धोका शून्य होत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईजवळच्या याच धावमार्गावर राष्ट्रीय मालिकेच्या फेरीत बेंगळुरूचा एक १३ वर्षांचा गुणी स्पर्धक पडला आणि डोक्याला झालेल्या दुखापतीने दगावला. उरलेल्या शर्यती रद्द करण्यात आल्या. तो परवानाधारक होता, मार्ग मान्यताप्राप्त होता, डॉक्टर हजर होते. हे दुःखद उदाहरण विसरून चालणार नाही. जिथे सारी व्यवस्था आहे तिथे असे घडू शकते, तर जिथे यांपैकी काहीच नाही तिथे काय होईल, याचा विचार तुम्हीच करा.

रस्ता म्हणजे धावमार्ग नव्हे

धावमार्गावर सगळे एकाच दिशेने जातात; घाटात समोरून ट्रक येतो. धावमार्ग झाडलेला असतो. रस्त्यावर वाळू, खड्डे आणि सांडलेले डिझेल असते. धावमार्गावर वळणापलीकडे मोकळी जागा आणि खडी असते. रस्त्यावर तेथे कठडा, झाड किंवा दरी असते. धावमार्गावर पिवळा झेंडा दाखवणारा माणूस आहे, रस्त्यावर नाही.

थांबण्याचा हिशेबही करा. धोका दिसल्यावर ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो असे धरा आणि गुणांक ०.७ घ्या. ताशी ५० ला गाडी एकूण सुमारे २८ मीटरांत थांबते. ताशी १०० ला सुमारे ८४ मीटर लागतात. वेग दुप्पट, अंतर तिप्पट! घाटाच्या वळणावर ८४ मीटर पुढचे दिसते तरी का?

कायदाही हेच जाणतो. शासनाच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मोटारसायकलीचा परवाना १८ व्या वर्षी मिळतो, ५० सी.सी. पर्यंतच्या गाडीला तेवढी १६ व्या वर्षी मुभा आहे. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक यांनाही शिक्षा होऊ शकते.

तुमच्यापैकी कोणाला या खेळाची खरीच ओढ असेल, तर त्याची वाट बंद नाही. धावमार्गावरील प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी, पालकांची संमती आणि महासंघाचा स्पर्धा-परवाना या क्रमाने ती जाते. याच वाटेने चेन्नईचा शरत कुमार २०११ मध्ये १२५ सी.सी. च्या जागतिक मालिकेत उतरला. बेंगळुरूच्या ऐश्वर्या पिसे हिने २०१९ मध्ये मोकळ्या रानातील लांब पल्ल्याच्या ‘बाहा’ शर्यतींचा महिलांचा जागतिक करंडक जिंकला. ज्यांना गाडी चालवण्यापेक्षा ती उघडून पाहण्यात रस आहे, त्यांनाही येथे जागा आहे. मार्शल, वेळनोंदणीकार, तपासनीस, डॉक्टर आणि यंत्रज्ञ यांच्यावाचून एकही शर्यत होत नाही.

करून पाहा

घर्षण गुणांक घरीच मोजता येतो. एक सपाट फळी घ्या आणि तिच्यावर खोडरबर ठेवा. फळीचे एक टोक हळूहळू उचला. रबर ज्या क्षणी घसरू लागेल, त्या क्षणी थांबा. उचललेल्या टोकाची जमिनीपासून उंची मोजा. मग त्या टोकाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून टेकलेल्या टोकापर्यंतचे जमिनीवरील अंतर मोजा. उंचीला या अंतराने भागा. आलेली संख्या हाच फळी व रबर यांचा घर्षण गुणांक.

आता फळी ओली करून तोच प्रयोग करा. मग कोरड्या फळीवर चिमूटभर बारीक वाळू पसरून पुन्हा करा. प्रत्येक प्रयोग पाच वेळा करून सरासरी काढा. तिन्ही संख्या वहीत लिहा आणि वर दिलेल्या चार वेगांच्या भागाकारांशी ताडून पाहा. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर तुमचे ‘रबर’ कोरड्यात, ओल्यात आणि वाळूत कोणत्या वेगापर्यंत टिकेल? उत्तर काढून शिक्षकांना दाखवा. वाळूची ओळ वर्गात मोठ्याने वाचायला विसरू नका.